मुठीमुठीनं

तिचं नाव बिजली. लग्नसराईत ती वरातीत नाचायची. सराई संपली तशी मालकानं तिला मंगल कार्यालयामागच्या पडक्या जागेत बांधलं आणि तो दुसऱ्या धंद्याला लागला. ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंना ती दिसली तेव्हा बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या. कपाळावर मात्र टिकल्यांचा गोंडा तसाच होता. ती सोडल्याचं मालकानं लगेच लिहून दिलं. बहुधा त्यालाही सुटल्यासारखं झालं असावं. टेम्पोतून ती एका मित्राच्या शेतावर आली. मीही उत्साहानं पोचलो, दहा किलो हरभरा घेऊन.

डॉक्टरीणबाईंनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. ‘मारायचंय का तिला?’

‘घोडं पेंड खातं’ ते इथेच, हे मला त्या दिवशी शब्दशः कळलं. उपाशी शरीर आधी चरबी, मग स्वतःचे स्नायू जाळून तग धरतं. त्यात एकदम दाणा पडला की रक्तात इन्शुलिन उसळतं, आधीच तुटपुंजं उरलेलं फॉस्फरस आणि मॅग्नेशियम रक्तातून पेशींमध्ये ओढलं जातं आणि उपासात टिकलेलं जनावर भरल्या पोटानं हृदय बंद पडून जातं. दगा त्याच दिवशी होतो असं नाही, आठवड्यानंतरही होतो. म्हणून पहिले काही दिवस फक्त वाळवलेला लसूणघास, अर्धा किलो, दर चार तासांनी. रात्रीसुद्धा.

रात्री दोनची पाळी माझी. भाजीच्या काट्यावर घास तोलायचा, तिच्यापुढे ठेवायचा. ती तो बघता बघता संपवायची आणि मान वर करून माझ्याकडे बघत राहायची. त्या बघण्याला नाही म्हणणं मला जमत नव्हतं. तिसऱ्या रात्री मी काट्याकडे पाठ करून आणखी दोन मुठी टाकल्या. काही झालं नाही, पण उजाडेपर्यंत मी तिच्या पोटाला कान लावून आतडी वाजताहेत ना, ते ऐकत बसलो होतो. मला दया तिची येत होती की स्वतःचीच, कोण जाणे.

पुढे नालबंद आला. म्हातारा, कमी बोलणारा. खूर महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, म्हणजे अख्खा नवा यायला वर्षाच्या आसपास लागतं. त्यानं खुरावरच्या एका आडव्या वळीवरून अंगठा फिरवला. ‘हा उपास.’ वळी हळूहळू खाली सरकणार, जमिनीला टेकणार आणि मग कानशीनं घासून जाणार. तोवर थांबायचं.

सगळ्यांनाच थांबायला मिळतं असं नाही. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश फौजेनं आपले हजारो घोडे इजिप्तमध्ये विकून टाकले. 1930 मध्ये डोरोथी ब्रुक कैरोला आल्या तेव्हा त्यातले उरलेसुरले, म्हातारे, लंगडे, गाड्या ओढत होते. त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून पैसे उभे केले, सुमारे 5,000 घोडे विकत घेतले, आणि त्यातल्या बहुतेकांना थोडे दिवस विसावा आणि पोटभर चारा देऊन शांतपणे मरण दिलं. हीदेखील सुटकाच, हे पचायला मला वेळ लागला. तिथल्या घोड्यांसाठी त्यांनी 1934 मध्ये काढलेल्या दवाखान्यातून पुढे मोठी संस्था उभी राहिली.

खरी कसोटी बिजली सावरल्यावर लागली. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. दातांवरून हिची बारा झाली होती. उरलेली वर्षं हिला सांभाळणार कोण? मुंबईतल्या घोड्यांपुढेही हाच प्रश्न होता. 2015 च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शहरातल्या हौसेच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, बंद करायला वर्षभराची मुदत दिली. निकाल मला पटतो. पण गाडी निकालानं थांबते. घोड्याला दुसऱ्या दिवशीही चंदी लागते. बिजलीला बघायला जो येई तो विचारी, ‘हिचं करायचं काय?’ एकानं पोराच्या वाढदिवसापुरती मागितली. एकानं अंगावरचे भोवरे निरखले, एक अशुभ निघाला, आणि चहा न घेताच तो उठला.

शेवटी एक निवृत्त गुरुजी आले. त्यांच्या म्हाताऱ्या तट्टाची जोडीदारीण गेली होती आणि ते एकटं पडून चारा टाकत होतं. कागद केला: विकायची नाही, वरातीला द्यायची नाही, सांभाळणं झेपलं नाही तर परत आमच्याकडे. ती निघाली तेव्हा वळी जमिनीपासून बोटभर वर होती.

परवा गुरुजींचा फोन आला. गावातून हलगी वाजवत वरात गेली म्हणे. बिजली गोठ्यात दाव्याला होती, तिथल्या तिथे एकेक पाय उचलत राहिली. तट्टू खाणं थांबवून बघत होतं.