नुसत्या ‘नाही’वर मूल वाढत नाही



गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी आमची दुसरीतली लेक शाळेतून एक कोरं कार्ड घेऊन घरी आली. वर्गात शुभेच्छापत्रं बनवायला सांगितली होती. बाकीच्या मुलांनी पणत्या, आकाशकंदील, लक्ष्मीची पावलं काढली. हिने कार्डशीट दुमडलं, मागे स्वतःचं नाव टाकलं आणि तास संपेपर्यंत बसून राहिली. “काहीच का नाही काढलंस?” असं विचारलं तर म्हणाली, “पप्पा, तुम्हीच सांगितलं ना, आपण हे करत नाही.”

सांगितलं होतं खरं, आणि अभिमानानेच सांगितलं होतं. पण ते कोरं कार्ड हातात घेतल्यावर लक्षात आलं की लेकीला आम्ही ‘आपण हे करत नाही’ एवढंच दिलं. ‘मग आपण काय करतो’ हे द्यायचं राहून गेलं.

कुणी म्हणेल, आपल्याला भीमजयंती आहे, बुद्धपौर्णिमा आहे, धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे. आहेच. पण या दिवशी लहान मुलाच्या वाट्याला काय येतं ते बघा. मिरवणुकीत बापाच्या खांद्यावर बसणं, डीजेच्या दणक्याने कानात बोटं घालणं, पाहुणे येईपर्यंत पुढच्या सतरंजीवर पेंगणं, फार तर पाठ केलेलं भाषण म्हणून दाखवणं. आम्ही स्वतः मार्चपासून वस्त्यांमध्ये बैठका घेत फिरतो. रात्री घरी पोचतो तेव्हा लेक झोपलेली असते. म्हणजे जयंतीची तयारी गावभर होते, फक्त आमच्याच घरात होत नाही.

यंदा ठरवलं, जयंतीची कार्डं घरी बनवायची, लेकीबरोबर. बाजारात आपल्या कामाचं कार्ड मिळेना, हेही एक कारण होतं. सामान म्हणजे जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, मैद्याची खळ आणि पिंपळाची पानं. ज्या झाडाखाली सिद्धार्थाला बोधी मिळाली त्याचं पान लेकीला ओळखता येत होतं, पण त्याची जाळी कशी होते हे तिला ठाऊक नव्हतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चौदा पानं बादलीत भिजत घातली. तीन आठवडे पाणी बदलत राहिलो. वास इतका सुटला की शेजारच्या काकूंनी दोनदा दार वाजवलं. मग रविवारी जुन्या टूथब्रशने पानावरचा कुजलेला गर हळूहळू काढायला बसलो. आमच्या हाताने पाच पानं फाटली. लेकीच्या हाताने दोनच. “पप्पा, तुम्ही घाई करता,” ती म्हणाली. बरोबरच होतं.

निळा रंग हवा होता आणि तिच्या रंगपेटीतली निळी वडी संपलेली. आमच्या आईने फडताळातून निळीची पुडी काढून दिली. जयंतीला नेसायचं पांढरं पातळ ती आजही निळीच्या पाण्यातून काढते. तीच नीळ घट्ट कालवून लेकीने कागद रंगवले, त्यावर जाळीची पानं चिकटवली आणि खाली मोठ्या वाकड्या अक्षरांत ‘जय भीम’ लिहिलं. आजी, नात आणि आम्ही तिघंही कोपरापर्यंत निळे झालो होतो आणि एकमेकांकडे बघून हसत होतो. इतकं मोकळं हसू आमच्या घरात कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

एका ज्येष्ठ सहकाऱ्याला त्या रविवारी बैठकीला येत नाही म्हणून कळवलं होतं. ते म्हणाले, “समाज जळतोय आणि तुम्ही कागद कापत बसा.” त्यांचा राग आम्हाला कळतो. पण आमचं म्हणणं असं. बावीस प्रतिज्ञांची सुरुवात नकारांनी होते, आणि तो नकार आपल्या लोकांनी मोठी किंमत मोजून पेलला आहे. पण प्रतिज्ञा तिथे थांबत नाहीत. पुढे समता येते, अष्टांगिक मार्ग येतो, प्राणिमात्रांवरची दया येते. आम्ही मात्र घरात पहिल्या काही प्रतिज्ञांपाशीच अडकलो. समाजशास्त्र शिकताना द्युर्खेम वाचला होता. लोक एकत्र येऊन उत्सव करतात तेव्हा त्यांचा समाज नव्याने बांधला जातो, असं तो सांगतो. परीक्षेत त्यावर पानंच्या पानं लिहिली. ते सात वर्षांच्या मुलीलाही लागू पडतं, हे समजायला निळीची पुडी लागली.

आणि आनंद म्हणजे चळवळीतली सुट्टी, असं तरी का मानायचं? उतारवयात, एवढ्या कामाच्या रगाड्यात, बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते.

सात कार्डं झाली. कुणाला द्यायची हे लेकीनेच ठरवलं: गावाकडची आत्या, गल्ली झाडणाऱ्या मावशी, अभ्यासिकेतला दादा, दोन मामेभाऊ, वर्गातल्या बाई आणि बाकावरची मैत्रीण. शेवटच्या दोन नावांशी आम्ही अडखळलो. शाळेत ‘जय भीम’ लिहिलेलं कार्ड द्यायचं म्हणजे आपण कोण हे सांगणं. मित्रांनो, इथे खोटं बोलणार नाही. शहरात पहिली खोली भाड्याने घेतली तेव्हा घरमालक येणार असला की बाबासाहेबांचा फोटो आम्ही ट्रंकेत ठेवायचो. पुढे भाषणांतून स्वाभिमान शिकवला, पण ती ट्रंक मनातून गेली नव्हती. तोंडावर आलं होतं, “बाईंना नको देऊस.” लेक कार्डाच्या कडेला ठिपके काढत होती. आम्ही गप्प बसलो. आणखी एक ‘नाही’ तिच्या हातात द्यायचं धाडस झालं नाही.

१३ एप्रिलला ती कार्डं घेऊन गेली. दिवसभर आमचं कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळी विचारलं, बाई काय म्हणाल्या? “छान म्हणाल्या आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं.” त्या ड्रॉवरचा अर्थ आम्ही अजून लावतो आहोत. आणि मैत्रीण? “ती म्हणाली, पान असं कसं केलं? मी सांगितलं, खूप वास येतो.” पुढच्या आठवड्यात त्या मुलीने डब्याच्या पिशवीतून पिंपळाची चार पानं आणली. दोघींनी ती शाळेच्या नळापाशी बाटलीत भिजत घातली आणि शिपाईकाकांची बोलणी खाल्ली.

एका कार्डाने जात मोडत नाही, हे आम्हाला कळतं. पण जे मूल आपलं ‘जय भीम’ स्वतःच्या हाताने रंगवून मैत्रिणीला देतं, त्याला उद्या ट्रंक लागणार नाही, अशी आशा आहे.

म्हणून कार्यकर्त्या मित्रांना एकच सांगणं. पुढच्या जयंतीला वर्गणीची पावतीपुस्तकं छापायला टाकाल, त्याच आठवड्यात घरच्या बादलीत पिंपळाची पानं टाका. एक रविवार बैठकीला दांडी मारा. आणि पानं मुलांच्या हातात द्या, आपल्या हातून फाटतात.

जय भीम! नमो बुद्धाय!