पत आणि परतफेड

मराठी भाषेत ‘पत’ हा शब्द आकाराने अगदी लहान. परंतु संसारात त्याच्याएवढे वजन फारच थोड्या शब्दांना लाभले आहे. पैसा गेला तर माणूस तो पुन्हा मिळवील, पण पत गेली की चारचौघांत तोंड दाखवावयास जागा उरत नाही, असे आमच्या वडील पिढीचे मत होते. गंमत अशी की, ही पत स्वतःच्या तिजोरीत कधीच नसते; ती असते दुसऱ्याच्या मनात. हा माणूस घेतलेले परत करील, असा जो भरवसा दुसऱ्यास वाटतो, तीच आपली पत. इंग्रजीतील ‘क्रेडिट’ या शब्दाच्या मुळाशीही विश्वास ठेवणे हाच अर्थ आहे. तेव्हा हल्ली तरुणांच्या खिशात दिसणारे क्रेडिट कार्ड ही एका परीने विश्वासाची चिठ्ठीच होय. ती कोणी, कोणास आणि कशाच्या भरवशावर लिहून दिली, एवढाच काय तो प्रश्न.

या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रसंग गेल्या वर्षी आमच्यावर आला. आमच्या पुतणीस येथेच, वडोदऱ्यास, नोकरी लागली. पहिला पगार खात्यात जमा होऊन आठवडा लोटतो न लोटतो तोच, कार्ड घ्या म्हणून तिला फोन येऊ लागले. कोणी विमानतळावरील विश्रामकक्षाचे आमिष दाखवी, कोणी सिनेमाच्या तिकिटांचे. आमचे बंधू संतापले. “आपल्या घरात आजवर कोणी उधारीवर जगले नाही,” असे म्हणून त्यांनी तो विषय संपविला. मुलगी मात्र आमच्याकडे आली आणि म्हणाली, “काका, तुमचा सारा जन्म हिशेबाच्या वह्यांत गेला. तुम्हीच सांगा, घेऊ की नको? आणि घेतले तर कोणते?”

बंधूंचे म्हणणे तत्त्वतः उदात्त असले, तरी इतिहासाला धरून नव्हते. आमच्या लहानपणी घरातील तेल, तांदूळ, गूळ हे सारे दांडिया बाजारातील एका किराणा दुकानातून वहीवर येई. एक वही दुकानात आणि तिचीच छोटी बहीण आमच्या घरी. महिनाभर दोहींत नोंदी होत आणि पगाराच्या दिवशी वडील दोन्ही वह्या ताडून पैसे चुकते करीत. शेठजी व्याज घेत नसत. पण मागील बाकी उरलेली असताना आईच्या यादीत बदाम किंवा केशर दिसले, की ते चष्म्यावरून एकवार पाहत आणि सौम्यपणे म्हणत, “भाऊ, बदाम पुढल्या महिन्यात नेले तर?” त्या नजरेत अपमान नसे, घरच्या माणसाची काळजी असे. उधारीला व्याज नव्हते, पण लगाम होता.

आमच्या या नगरीने त्या लगामाचे सामुदायिक रूपही फार पूर्वी पाहिले आहे. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी येथे ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन केली. भारतातील सहकारी पतसंस्थांचा आरंभ तिच्यापासूनच मानला जातो. ‘अन्योन्य’ म्हणजे परस्परांचे. सभासदांनी थोडे थोडे शिल्लक टाकावे आणि नडीअडीच्या वेळी त्यांतूनच एकमेकांस कर्ज द्यावे, अशी ही रीत. कर्ज घेणारा कोण आणि त्याची ऐपत किती, हे देणाऱ्यास ठाऊक असे. देणारा आणि घेणारा एकाच पंक्तीला जेवणारे असले, म्हणजे हात आपोआप आखडता राहतो.

क्रेडिट कार्डाचा जन्म अगदी निराळ्या वातावरणातला. १९५० साली न्यूयॉर्क येथे ‘डायनर्स क्लब’ने आपले कार्ड काढले, ते मुख्यतः उपाहारगृहांतील बिलांसाठी. त्याचे सारे पैसे महिन्याकाठी चुकते करावे लागत. म्हणजे ती आमच्या वहीचीच परदेशी बहीण होती. खरा पालट घडला तो १९५८ साली. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या शहरी ‘बँक ऑफ अमेरिका’ने सुमारे साठ हजार लोकांना, त्यांनी न मागताच, टपालाने कार्डे धाडून दिली. शिवाय बाकी पुढल्या महिन्यावर ढकलण्याची मुभाही दिली. अर्थात व्याज लावून. आपल्याकडे बँकेचे क्रेडिट कार्ड प्रथम आणले ‘सेंट्रल बँक ऑफ इंडिया’ने, १९८० साली.

आमच्या मते सारे मर्म त्या ‘पुढल्या महिन्यावर ढकलण्या’त आहे. आमची उधारी थकली तर शेठजींची झोप उडे. कार्ड देणाऱ्या बँकेची तशी उडत नाही. उधारी बुडावी अशी बँकेचीही इच्छा नसते. पण ती थोडी रेंगाळली तर तिच्या मिळकतीत भरच पडते. चष्म्यावरून पाहणारे येथे कोणीच नाही. म्हणून कार्ड वापरणाऱ्यास एकाच वेळी दोन भूमिका वठवाव्या लागतात: गिऱ्हाईकाची आणि दुकानदाराचीही. बदामांची यादी आपणच करावयाची आणि ‘पुढल्या महिन्यात नेले तर?’ हेही आपणच म्हणावयाचे. ज्यास हे दुसरे काम साधेल त्याने कार्ड खुशाल घ्यावे. ज्यास साधणार नाही त्याने बंधूंचा सल्ला मानावा.

एका रविवारी आम्ही पुतणीस घेऊन कागद-पेन्सिलीसह बसलो. प्रथम तिला तारखांचे गणित समजावून दिले. समजा, बिल दर महिन्याच्या २० तारखेस निघते आणि पैसे भरण्यास पुढे २० दिवस मिळतात. २१ जून रोजी केलेली खरेदी २० जुलैच्या बिलात येईल आणि तिचे पैसे ९ ऑगस्टपर्यंत द्यावयाचे. म्हणजे ४९ दिवस बिनव्याजी. तीच खरेदी १९ जूनला केली तर २० जूनच्याच बिलात येईल आणि १० जुलैपर्यंत, म्हणजे २१ दिवसांतच, पैसे द्यावे लागतील. ही सवलत पूर्ण बिल चुकते करणाऱ्यासच आहे. दहा हजारांपैकी नऊ हजार भरले तर उरलेल्या हजारावरच व्याज लागेल, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात बहुधा खरेदीच्या दिवसापासून संपूर्ण रकमेवर व्याज मोजले जाते आणि नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते. कार्डावर रोख रक्कम काढली तर ही मुदत मुळीच नसते. व्याज पहिल्या दिवसापासून सुरू, शिवाय शुल्क वेगळेच.

नंतर आम्ही बिलावरील ‘किमान देय रक्कम’ या निरुपद्रवी दिसणाऱ्या ओळीकडे वळलो. समजा, ४०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज दरमहा शेकडा साडेतीन आहे. ‘साडेतीन’ हा आकडा ऐकावयास किती गरीब! पण वर्षाचे ते शेकडा ४२ होतात. पहिल्या महिन्याचे व्याज १,४०० रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर २५२ रुपये. एकूण १,६५२. मुलीने २,००० रुपये भरले तर मूळ कर्जातून उणे झाले अवघे ३४८. याच गतीने, एक पैचीही नवी खरेदी न करता, ती दरमहा दोन हजार भरीत राहिली, तर कर्ज फिटावयास ४४ वा महिना उजाडेल आणि चाळीस हजारांपोटी सुमारे ८६ हजार रुपये मोजावे लागतील. मुलगी त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने बक्षिसांच्या गुणांचा हिशेब स्वतःच मांडला. शंभरास एक रुपया परत मिळतो असे धरले, तर दहा हजारांच्या खरेदीवर शंभर रुपयांचा लाभ. आणि तीच रक्कम एक महिना थकली तर व्याज व कर मिळून ४१३ रुपयांचा दंड. चार महिन्यांची बक्षिसे एका महिन्याच्या आळसाने गिळून टाकली!

या दरांना कायद्याचा आळा नाही काय, असे वाचक विचारतील. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वर्षास ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित प्रथा ठरविली होती. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा त्या आडोशावर विसंबण्यात अर्थ नाही. मात्र रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी ग्राहकाच्या हाती काही साधने अवश्य दिली. न मागता कार्ड देण्यास बंदी झाली. शुल्क, व्याज व अटी सांगणारे मुख्य माहितीचे पत्रक अर्जासोबत देणे बँकांस बंधनकारक झाले. सारे पैसे चुकते केल्यावर कार्ड बंद करण्याची मागणी सात कामकाजी दिवसांत पुरी झाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसास ५०० रुपये ग्राहकास द्यावे लागतील, असेही ठरले. वसुलीसाठी सकाळी आठापूर्वी आणि सायंकाळी सातानंतर फोन करू नयेत, असा आदेशही त्याच वर्षी निघाला.

हा शेवटचा नियम कागदावरचा वाटतो. पण आमच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी आम्ही त्याचे मोल पाहिले आहे. त्यांच्या मुलाने एका कार्डाचे पैसे भरण्यासाठी दुसरे घेतले, दुसऱ्यासाठी तिसरे. मुलगा दुर्व्यसनी नव्हता; घरात दूरदर्शन संच, लग्नातली देणीघेणी, एक सहल, असे साधेसुधेच खर्च होते. घरी कळले तेव्हा सुनेच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या आणि फोन वाजला की म्हातारा बाप दचकत होता. शेवटी त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून सारे फेडले. “पैशांचे दुःख नाही, पण दोन वर्षे तो आमच्याजवळ एक शब्द बोलला नाही,” हे त्यांचे उद्गार आम्हांस विसरता येत नाहीत. वहीवरची उधारी साऱ्या घराला दिसे. कार्डावरची उधारी एकट्याची असते, आणि एकटेपणात ती वाढते.

मग कार्ड घेऊच नये काय? येथे बंधूंशी आमचा मतभेद झाला. आता पत कोणाच्या मनात राहत नाही. ती आकड्यांत नोंदली जाते. २००० साली स्थापन झालेल्या ‘सिबिल’सारख्या संस्था प्रत्येकाच्या परतफेडीचा इतिहास ठेवतात आणि ३०० ते ९०० या दरम्यान गुण देतात. उद्या घरासाठी कर्ज हवे झाले तर बँक प्रथम ते गुण पाहणार. ज्याने कधी काही घेतलेच नाही त्याचे पान कोरे. आणि कोऱ्या पानावर अनोळखी माणूस भरवसा कसा ठेवणार? अशा प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा आपला अहवाल विनामूल्य मागविता येतो. तो अवश्य पाहावा.

निवड करताना आम्ही थोड्याच कसोट्या लावल्या. जेथे पगार जमा होतो तीच बँक, म्हणजे व्यवहार एका नजरेत राहतात. वार्षिक शुल्क नसलेले साधे कार्ड. कारण पाचशे रुपये शुल्काचे करासह ५९० होतात आणि ते वसूल करण्यासाठीच माणूस खर्च वाढवितो. ज्यास नियमित पगार नाही त्यास मुदतठेवीच्या तारणावर कार्ड मिळू शकते. तेही वाईट नव्हे. बँकेने देऊ केलेली मर्यादा मुलीने स्वतः अर्ज करून कमी करून घेतली आणि त्या मर्यादेच्याही तिसऱ्या हिश्शाहून अधिक वापर करावयाचा नाही, असे ठरविले. बिलाची किमान नव्हे, तर संपूर्ण रक्कम ठरल्या दिवशी खात्यातून परस्पर जावी, अशी सूचना बँकेस दिली. परदेशी व्यवहारांची सोय बंद ठेवली. फोनवर आलेला गुप्त संकेतांक कोणासही, अगदी बँकेचे नाव सांगणाऱ्यासही, सांगावयाचा नाही. आणि फसवणूक झालीच तर तत्काळ बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावयाचे, हे तिने पाठ केले. एक अट मात्र तिनेच सुचविली: दर महिन्याचे बिल जेवणाच्या टेबलावर ठेवावयाचे. बंधू आता ते ओळीओळीने वाचतात आणि मुलीस प्रश्न विचारतात. विरोध मावळला आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पण तो उपयोगी पडू लागला आहे.

वडोदरे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा शहरी आपले पूर्वज आले तेव्हा तेथे त्यांना ओळखणारे थोडे होते. ज्या दिवशी नव्या गावातील दुकानदार “राहू द्या, महिन्याअखेर द्या” असे म्हणे, त्या दिवशी ते गाव आपले झाले असे त्यांना वाटे. त्यासाठी वर्षानुवर्षे सचोटीने वागावे लागे. आज आपली मुले त्याहूनही दूरच्या शहरी जातात, आणि पोहोचल्या दिवशीच कार्ड त्यांना ती पत आगाऊ देऊन टाकते. ती कमावण्याचे काम मात्र शिल्लकच राहते. आणि ते दर महिन्याच्या ठरल्या तारखेस ज्याचे त्यानेच करावयाचे असते.