फुकटची कोथिंबीर
भाजीवर फुकट कोथिंबीर मागणे हा आपला जन्मसिद्ध हक्क. तो संगणकाकडेही बजावता येतो, हे आमच्या चिरंजीवांनी मला शिकवले. पहिल्या पगारातून सुटे भाग आणून त्यांनी खेळांसाठी संगणक जोडला नि लगेच प्रोसेसरचा वेग वाढवायला घेतला. १९९८ साली इंटेलचा ३०० मेगाहर्ट्‌झचा सेलेरॉन हौशी मंडळींनी ४५० वर पळवला होता म्हणे! पण व्होल्टेज वाढवले, की उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोथिंबिरीपायी भाजीच करपायची. म्हणून एका वेळी १०० मेगाहर्ट्‌झ, मग तासभर कसोटी, डोळा तापमानावर. परीक्षेत पेपर कधी पुन्हा न तपासणारा हा मुलगा रात्री दोनला वहीत आकडे टिपत होता.
“बाबा, घाई केली तर वाट लागेल,” म्हणाला.
हेच वाक्य मी त्याला वीस वर्षे ऐकवत होतो!