मनाली-लेहचा रस्ता आणि दुचाकीवरचा नकाशा

मनाली सोडून बियास नदीच्या काठाने उत्तरेकडे निघालेला रस्ता दहा-एक किलोमीटरवर पलचान गावापाशी दुभंगतो. उजवीकडची वाट कोठी, गुलाबा, मढी अशी वळणे घेत ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीकडे चढते. डावीकडची वाट सोलंग आणि धुंडीकडे जाते व तेथून ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यात शिरते. ३ ऑक्टोबर २०२० पर्यंत लेहला निघालेल्या माणसाला येथे निवड नव्हती. रोहतांग ओलांडल्यावाचून लाहौलच्या खोऱ्यात पाऊल पडत नसे. आज बहुतेक वाहने डावीकडे वळतात. परंतु मोटारसायकलच्या हँडलवर बसवलेल्या यंत्रात त्या दिवसापूर्वीचा नकाशा असेल, तर ते यंत्र कसलीही शंका न घेता उजवीकडची वाट दाखवते.

ही चूक वरवर पाहता किरकोळ वाटते. प्रत्यक्षात रोहतांगला जाण्यासाठी परवाना लागतो, रोज सोडल्या जाणाऱ्या वाहनांच्या संख्येला मर्यादा आहे आणि मंगळवारी देखभालीसाठी ती वाट पर्यटकांना बंद असते. यंत्राच्या सांगण्यावरून नाक्यापर्यंत चढलेल्या दुचाकीस्वाराला तेथून परत फिरावे लागते. बोगद्याने मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरने कमी केले आणि चार-पाच तास वाचवले, असे सरकारी निवेदन आहे. जुन्या नकाशाच्या भरवशावर राहणारा हे सारे तास गमावतो. मग उरलेल्या दिवसात अंतर भरून काढण्याची घाई सुरू होते. जिस्पाला मुक्काम करून शरीराला विरळ हवेची सवय लावायची, हा शहाणपणाचा बेत बाजूला पडतो आणि अंधारात, थंडीत चौदा हजार फुटांवरच्या सरचूला पोहोचण्याची पाळी येते. मैदानी मुलखात वाट चुकली तर अर्धा तास आणि लिटरभर पेट्रोल जाते. येथे त्याची किंमत डोकेदुखी, उलट्या, धाप अशा रूपांत द्यावी लागते, आणि क्वचित त्याहूनही महाग पडते.

पुणे, सांगली, नाशिक, सोलापूर येथल्या व्यापारी कुटुंबांतील तरुण आता मोठ्या संख्येने या वाटेने जातात. बाजार मंदावलेल्या पावसाळी दिवसांत दुकान धाकट्या भावावर किंवा काकांवर सोपवून चार-सहा मित्र निघतात. घरची मंडळी हेल्मेट, गरम कपडे, औषधे यांची चौकशी करतात. आई फराळाचे डबे बांधून देते. यंत्रातला नकाशा कोणत्या सालचा आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

याचे कारण एका समजुतीत आहे. उपग्रहावरून सर्व काही दिसते, तेव्हा यंत्राला नवा रस्ता आपोआप कळत असेल, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह केवळ वेळेचे संकेत पाठवतात. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की यंत्र आपण पृथ्वीच्या पाठीवर कोठे उभे आहोत, याचे गणित मांडते. उपग्रहाचे काम तेथेच संपते. त्या जागी रस्ता आहे की दरी, पूल आहे की नुसता नदीचा काठ, हे त्याला ठाऊक नसते. ती माहिती यंत्राच्या स्मरणात साठवलेल्या नकाशातून येते, आणि तो नकाशा कोणीतरी, कधीतरी तयार केलेला असतो. पासबुकात छापलेली शिल्लक जशी शेवटच्या नोंदीच्या दिवसाची असते, तसाच हा प्रकार आहे. त्यानंतर धनादेश वटला असेल, व्याज जमा झाले असेल. पासबुक भरून आणेपर्यंत त्याला त्याची गंधवार्ता नसते.

अटल बोगद्याचीच गोष्ट घ्या. २००० साली त्याचा निर्णय जाहीर झाला, २००२ साली दक्षिणेकडच्या जोडरस्त्याची पायाभरणी झाली, प्रत्यक्ष खोदकामाचा आरंभ २०१० मध्ये झाला आणि २०१७ मध्ये दोन्ही बाजूंची खोदाई एकमेकींना भेटली. एवढा प्रदीर्घ काळ नकाशावर तेथे केवळ डोंगर होता. जुना नकाशा घेऊन या बोगद्यात शिरणाऱ्याला एक चमत्कारिक दृश्य दिसते. धुंडीपुढे यंत्रावरचा बाण रस्ता सोडून मोकळ्या डोंगरात जातो आणि पुन्हापुन्हा मागे वळण्याची सूचना येते. बोगद्यात उपग्रहाचे संकेत पोहोचत नसल्याने काही मिनिटे बाण गोठून राहतो, आणि पलीकडे चंद्रा नदीच्या खोऱ्यात बाहेर पडताच तो एकदम सिस्सूजवळ उगवतो. डावीकडे वळले की केलाँग आणि लेह, उजवीकडे वळले की कोकसर, ग्रांफू आणि पुढे स्पीती. येथे घाईने चुकीच्या दिशेला वळलेला स्वार बराच वेळ आपण बरोबरच चाललो आहोत असे समजतो, कारण नदी आणि डोंगर दोन्हीकडे सारखेच दिसतात.

आता मोबाईल असताना वेगळे यंत्र कशाला, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील, आणि तो रास्त आहे. शहरात मोबाईल पुरतो, कारण त्यावरचा नकाशा इंटरनेटवरून सतत ताजा होत राहतो. पण दारच्याच्या पुढे अजूनही लांबच लांब पट्टे असे आहेत की जेथे फोनला संकेत मिळत नाही. शिवाय अन्य राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागते. फोनवर नकाशा आधीच उतरवून घेता येतो, मात्र तोही त्या दिवसाचाच असतो आणि मुदत संपली की निरुपयोगी होतो. दुचाकीसाठी खास बनवलेली गार्मिन किंवा टॉमटॉमची यंत्रे पाऊस, धूळ आणि खडखडाट सोसतात, हातमोजे न काढता चालवता येतात आणि त्यांत सबंध देशाचा नकाशा इंटरनेटवाचून उपलब्ध राहतो. हाच त्यांचा गुण, आणि नकाशा जुना होत जाण्याचे मूळही यातच.

नकाशा अद्ययावत करण्याचे काम अवघड नाही. ते वेळखाऊ आहे. यंत्र केबलने संगणकाला जोडायचे, कंपनीचा प्रोग्रॅम उघडायचा आणि नवा नकाशा उतरवून घ्यायचा. नव्या यंत्रांत हे वायफायवरूनही होते. माहिती काही गिगाबाइट असते. हॉटेलच्या मंद वायफायवर, निघण्याच्या आदल्या रात्री हे करायला बसणे म्हणजे संकट ओढवून घेणे, कारण काम अर्ध्यावर तुटले तर हातचा जुना नकाशाही जाण्याचा संभव असतो. घरी, निवांतपणे, निघण्यापूर्वी आठवडाभर तरी हे उरकावे. त्याआधी यंत्रात जपून ठेवलेले मार्ग व खुणेची ठिकाणे संगणकावर उतरवून ठेवावीत. आणखी एक बारकावा अनुभवी स्वार आवर्जून सांगतात. नकाशा बदलला की पूर्वी आखलेला मार्ग यंत्र नव्याने मोजते, आणि कित्येकदा तो आपल्या नकळत दुसऱ्याच रस्त्याने वळवते. म्हणून अद्ययावत केल्यावर प्रत्येक दिवसाचा मार्ग पडद्यावर आरंभापासून शेवटपर्यंत एकदा पाहून घ्यावा. वाटेतली दोन-तीन गावे टप्पे म्हणून नोंदवली, तर यंत्राला मनमानीस फारसा वाव उरत नाही.

खरेदीच्या वेळी ‘आजीवन नकाशे’ हे शब्द ग्राहकाला भुरळ घालतात. करारपत्रातील बारीक अक्षर वाचण्याची सवय असलेल्यांनी येथेही ते वाचावे. हे आजीवन ग्राहकाचे नव्हे, यंत्राचे असते. आणि यंत्राचे आयुष्य किती, हे पुष्कळसे कंपनीच ठरवते. परदेशातील नातेवाइकांकडून यंत्र मागवले तर त्यात भारताचा नकाशा बहुधा नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. पैसे खर्चायचे नसतील तर २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवी प्रकल्पाचे नकाशे मेमरी कार्डवर घालता येतात. त्यांत कोणीही दुरुस्ती करू शकतो, त्यामुळे काही ठिकाणी ते फार ताजे असतात, तर काही ठिकाणी अगदीच तोकडे. नातेवाइकांना एक गोष्ट मात्र आधीच बजावून ठेवावी. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र भारतात परवानगीवाचून बाळगणे हा गुन्हा आहे. तसे यंत्र विमानतळावर सापडून परदेशी पाहुण्यांना पोलिसांत जावे लागल्याच्या घटना घडल्या आहेत.

नवा नकाशा घेतला म्हणजे सारे झाले, असेही नाही. आपले वाहन कोणते, हे यंत्राला सांगावे लागते. महाराष्ट्रातलेच उदाहरण पुरे आहे. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर दुचाकीला मनाई आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावरही दुचाकीला प्रवेश नाही. मोटारगाडीची निवड तशीच ठेवून नवा नकाशा भरला, तर यंत्र मोठ्या उत्साहाने समृद्धीचाच रस्ता सुचवील. त्यापेक्षा तो महामार्ग ठाऊक नसलेला जुना नकाशा परवडला.

हिमाचलात शिरल्यावर हा फरक पावलोपावली जाणवतो. किरतपूरहून नेरचौककडे जाताना स्वारघाट-बिलासपूरच्या जुन्या वळणांना बगल देणारा, बोगद्यांतून जाणारा चौपदरी रस्ता २०२३ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षीच्या जुलैत बियासला आलेल्या पुराने कुलू-मनाली महामार्गाचे मोठे तुकडे वाहून नेले. म्हणजे एकाच वर्षात एका बाजूला नवा रस्ता उगवला आणि दुसऱ्या बाजूला जुना नाहीसा झाला. वाहून गेलेला तुकडा नकाशात तसाच दिसत राहतो, आणि तात्पुरती वाट नकाशात कधी येतच नाही. अशा वेळी कुलूच्या पेट्रोल पंपावर किंवा चहाच्या टपरीवर विचारलेला प्रश्नच उपयोगी पडतो.

सिस्सूपुढे तांदी येते. चंद्रा आणि भागा या नद्यांचा येथे संगम होऊन चिनाब तयार होते. येथल्या पेट्रोल पंपावरील पाटी दुचाकीस्वारांत कित्येक वर्षे प्रसिद्ध आहे : पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. यंत्रातही पंपांच्या खुणा असतात. परंतु बंद पडलेला पंप नकाशातून जायला वेळ लागतो, तसाच नवा पंप नोंदला जायलाही लागतो. म्हणून यंत्रावर पुढे एखादी खूण दिसली तरी जाणते स्वार तांदीला टाकी काठोकाठ भरतात आणि पाच लिटरचा डबा सोबत घेतात. येथे पाटीवरचा विश्वास यंत्रापेक्षा सरस ठरतो.

केलाँग, जिस्पा, दारचा मागे पडले की रस्ता बारालाचा खिंडीकडे चढू लागतो. या भागात हिमनद्यांचे पाणी रस्त्यावरून वाहते. पहाटे घोट्याइतके असलेले पाणी दुपारच्या उन्हाने बर्फ वितळले की गुडघ्यापर्यंत चढते आणि दुचाकी दगडांत अडकते. यंत्रावरची रेघ सकाळी सहाला आणि दुपारी तीनला सारखीच असते. पोहोचण्याची वेळही ते त्याच हिशेबाने सांगते. त्यामुळे येथे त्याने सांगितलेल्या वेळेत निदान निम्म्याने भर घालावी आणि नाले दुपारपूर्वी ओलांडावेत. पुढे सरचूनंतर गाटा लूप्सची २१ वळणे, पांगची तंबूंची वस्ती, मोरेचे विस्तीर्ण पठार आणि सुमारे साडेसतरा हजार फुटांवरची तांगलांग खिंड. उपशीला सिंधू नदी भेटली की लेह फार दूर नसते.

परतताना बरेच जण आता निराळी वाट धरतात. लेहजवळच्या निम्मूपासून झंस्कारमधील पदुममार्गे शिंकू खिंड ओलांडून दारच्याला उतरणारा २९८ किलोमीटरचा रस्ता सीमा सडक संघटनेने मार्च २०२४ मध्ये जोडून पूर्ण केला. वीस वर्षांपूर्वी दारचा ते पदुम ही गिर्यारोहकांची पायवाट होती. त्या काळचा नकाशा असलेले यंत्र येथे रस्ता असल्याचे मानायलाच तयार होणार नाही. खिंडीखालून, सुमारे १५,८०० फुटांवर, ४.१ किलोमीटरच्या जोडबोगद्याच्या कामाचा पहिला सुरुंग २६ जुलै २०२४ रोजी उडाला. तो खुला होईल त्या दिवशी आज भरलेला ताजा नकाशा दारच्याच्या फाट्यावर पुन्हा वरची वाट दाखवील.