नोव्हेंबरची फुलं

बॉस्टनमध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि संध्याकाळ एकदम अंगावर येते. साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. मेपलचा लाल-केशरी सोहळा उरकलेला असतो, तो पाहायला आलेली गर्दीही पांगलेली असते. ओकची तपकिरी पानं तेवढी फांद्या धरून वाऱ्यात खडखडतात. अर्नोल्ड आर्बोरेटममध्ये मी जाते ती मुद्दाम याच दिवसांत. 1872 साली सुरू झालेली ही 281 एकरांची वृक्षबाग. जमीन शहराची, हार्वर्ड विद्यापीठाला हजार वर्षांच्या करारानं दिलेली. आत जायला तिकीट लागत नाही. हजार वर्षं डोळ्यांपुढे ठेवून झाडं लावणारी माणसं इथं होऊन गेली, याचा या उदास महिन्यात मला फार आधार वाटतो.

वाटेत घरांपुढच्या बागा लागतात. पहिल्या कडाक्याच्या रात्रीनं तिथल्या फुलांची निवड करून टाकलेली असते. डेलिया रात्रीत काळा पडतो, झेंडू मान टाकतो. पेशींतलं पाणी आतल्या आत गोठून पेशी फुटतात आणि ऊन वर येताच सगळं झाड उकडलेल्या पालेभाजीसारखं लोळागोळा होतं. पॅन्सीची रीत वेगळी. ती पेशींत साखर वाढवते, पाणी बाहेर सोडते. बर्फ होतो तो पेशींच्या मधल्या जागेत. सकाळी ताठ गोठलेली पाकळी दुपारी पुन्हा मऊ, टवटवीत. अ‍ॅस्टरच्या शेवटच्या जांभळ्या फुलावर एखादी बंबलबी गारठून बसलेली दिसते. ऊन लागलं की हळूहळू हलते. तिच्या वसाहतीतल्या फक्त नव्या राण्या हिवाळा काढतील. ही काढणार नाही, तरी तिचं परागकण वेचणं चालूच असतं.

या फुलांना लोक मोसमातून उरलेली समजतात, त्यांची कीव करतात. मला ते पटत नाही. शेवंतीच घ्या. रात्र पुरेशी लांबली की तिला कळ्या धरतात. दिवसरात्रीच्या लांबीवर फुलणं अवलंबून असतं, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी 1920 मध्ये मांडलं. इथल्या पायरीवरची शेवंती आणि दसऱ्याला पुण्याच्या मंडईत ढिगांनी येणारी शेवंती, दोघी रात्रच मोजतात. आपल्याकडचे शेतकरी पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावून तिचं फुलणं पुढे ढकलतात ते म्हणूनच. तिला उशीर झालेला नाही. ती वेळेवर आली आहे.

आणि विच हेझल! पूर्व अमेरिकेच्या जंगलातलं हे साधं, वेडंवाकडं झुडूप आपली पानं गळत असताना फुलतं. चार पिवळ्या पाकळ्या, चुरगळलेल्या फितीएवढ्या अरुंद. लांबून पाहिलं तर फांद्यांवर पिवळसर धुकं, जवळ गेल्यावर मंद वास. अशा थंडीत परागीभवन करायला येणार कोण? माश्या येतात, एखादी मधमाशी येते. पण बर्न्ड हाइनरिख या कीटकशास्त्रज्ञानं या फुलांवर रात्री येणाऱ्या पतंगांचा माग काढला. पाणी गोठण्याच्या बेताला आलेल्या हवेत हे पतंग उडण्याचे स्नायू थरथरवून आधी अंग तापवतात, मग निघतात. त्या काळोखात कुणी तरी कुडकुडत फुलाकडे येतं आहे, हे वाचल्यापासून त्या झुडपाजवळून मला नुसतं पुढे जाता आलेलं नाही.

पराग पोचतो, पण फलधारणा लगेच होत नाही. ती सगळा हिवाळा थांबते आणि वसंतात होते. फळ पिकायला पुन्हा शरद उजाडतो. म्हणून एकाच फांदीवर यंदाची फुलं आणि गेल्या वर्षीच्या फुलांची फळं शेजारी शेजारी असतात. कोरड्या दुपारी ती बोंडं तडकून काळ्या चकचकीत बिया कित्येक फूट लांब उडवतात. ती बी मातीत पडल्यावरही घाई करत नाही. बहुतेक वेळा आणखी दोन हिवाळे सोसून मगच उगवते.