उरवड्याहून नरिमन हाऊसकडे

मुळशी तालुक्यात उरवड्याहून पिरंगुटला येईपर्यंत भाताची खाचरं आणि कारखान्यांची पत्र्याची छपरं आलटून पालटून दिसतात. 7 जून 2021 रोजी इथल्या एका रसायन कारखान्याला आग लागली. त्यात गेलेल्या कामगारांत बायकाच जास्त होत्या. मृतदेहांची ओळख पटवायला नेलं ते पुण्याच्या ससूनमध्ये.

हे रुग्णालय उभं राहिलं बगदादहून मुंबईत आलेल्या ज्यू व्यापाऱ्याच्या, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून. पुण्याच्या लष्कर भागातलं विटांचं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, तेही त्यांचंच. ते 1867 मध्ये पुरं झालं आणि त्याच्याच आवारात ससून यांची समाधी आहे. मुळशीच्या माणसाला ज्यू दानधर्माची ओळख अशी दवाखान्याच्या वाटेनं आधीच झालेली असते.

पुढचा टप्पा मुंबईचा.

कुलाब्याच्या बाजारातून होरमसजी स्ट्रीटच्या बोळात वळलं की नरिमन हाऊस लागतं. इथं राहणारं गॅव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग हे तरुण जोडपं 2003 मध्ये मुंबईत आलं. ते खबाद-लुबाविच या ज्यूंच्या हसिदी पंथाचे. हसिदी परंपरा अठराव्या शतकात युक्रेनच्या भागात बाल शेम तोव्ह यांच्यापासून सुरू झाली. तिच्या या शाखेतले रब्बी, म्हणजे धर्मगुरू, आपलं गाव सोडून परमुलखात घर मांडतात आणि आल्यागेल्याची सोय बघतात. गॅव्रिएल प्रार्थना चालवत, धर्माचे पाठ देत, कोशर, म्हणजे धर्मनियमांनुसारच्या, मांसासाठी कोंबड्याही स्वतः कापत. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणाला इस्रायलहून फिरायला आलेली पोरं, व्यापारी, परक्या शहरात एकटी पडलेली माणसं येऊन बसत. तुरुंगात अडकलेल्या इस्रायलींनाही त्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही. आपल्याकडच्या अन्नछत्राची रीत जाणणाऱ्याला या घराचा धर्म वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

या जोडप्याचं स्वतःचं घर मात्र दुःखानं पोखरलेलं होतं. थोरला मुलगा टे-सॅक्स या आनुवंशिक आजारानं गेला होता, दुसराही त्याच आजारानं अंथरुणाला खिळला होता. तरी पाहुण्यांसाठी पानं मांडणं थांबलं नाही. दानाची खरी किंमत इथं कळते.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री अतिरेकी या घरात घुसले. गॅव्रिएल आणि रिव्का यांच्यासह सहा जण मारले गेले. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे हवालदार गजेंद्रसिंह बिष्ट इथंच शहीद झाले. दोन वर्षं पुरी व्हायला दोनच दिवस उरलेल्या होल्ट्झबर्ग दांपत्याच्या धाकट्या मुलाला, मोशेला, त्याच्या दाई सँड्रा सॅम्युअल यांनी वरच्या मजल्यावरून उचलून बाहेर आणलं. बाळाचं रडणं ऐकून, जिवावर उदार होऊन त्या वर धावल्या होत्या. पुढे त्या त्याच्यासोबत इस्रायलला गेल्या.

भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत. मोशेच्या खोलीत त्याची उंची मोजताना पेन्सिलीनं ओढलेल्या रेघाही आहेत. जानेवारी 2018 मध्ये तो इथं परत आला, तेव्हा अकरा वर्षांचा होता.

खबादचं काम 2014 मध्ये याच इमारतीत पुन्हा सुरू झालं. मुंबईला जाल तेव्हा गेटवे बघून परतू नका, ओळखपत्र जवळ ठेवून या बोळातही जा.