देवाचं बिल

दुबईला वीज-पाणी पुरवणाऱ्या संस्थेचं संक्षिप्त नाव ‘देवा’. त्यामुळे आमच्याकडे दरमहा देवाचं बिल येतं! त्यावर युनिटांबरोबर कार्बनचे किलोही दिलेले असतात. अमिरातीतली बरीचशी वीज नैसर्गिक वायू जाळूनच होते; बराकाच्या चार अणुभट्ट्या २०२४ पासून सुमारे २५ टक्के भार उचलतात, इतकंच.

गेल्या जुलैत आई आली आणि आम्ही २००० युनिटं ओलांडून २३ फिल्सवरून २८ च्या टप्प्यात गेलो. मी पडलो एम.एस. झालेला इंजिनिअर! जेवताना कारणं मांडली: वरचा मजला, पश्चिमेची काच आणि ‘दिवसभर घरात माणूस’. आई काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारीच घरी आलो, तर एसी बंद. आई पदराने वारा घेत बसलेली.

"अरे, सोलापूरची आहे मी. सवय आहे मला."

लग्नाआधी देऱ्यात आम्ही सहाजण एका खोलीत, एका एसीत झोपायचो. माणशी हिशेब केला तर कार्बन नगण्य; पण तेव्हा घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं.

एसी २४ वर लावला, पश्चिमेचे पडदे ओढले. पुढचं बिल तिला दाखवलं नाही.